पडद्याकडे पाठ

टॉर्चबाईनं आजवर किती सिनेमे ऐकले असतील याला गणती नव्हती, पण पुरता पाहिलेला एकही नव्हता. दारात तिकिटं फाडायची, अंधारात टॉर्च मारून लोकांना खुर्च्या दाखवायच्या आणि मग बाजूच्या दाराशी पडद्याकडे पाठ करून उभं राहायचं, हे तिचं काम. पाठ अशासाठी, की पुढच्या खुर्चीवर कोण बूट टेकवतंय, कोण चोरून सिगारेट पेटवतंय, कुणाचं पोर पायऱ्यांवरून गडगडायच्या बेतात आहे, हे पडद्याकडे बघत बसलं तर दिसत नाही. ही शिस्त तिला आधीच्या म्हाताऱ्या डोअरकीपरनं लावली होती. तो कामावरून सुटून घरी बसला, तरी तिनं ती मोडली नाही. त्यामुळे सिनेमा तिला कळायचा तो लोकांच्या तोंडांवरून. नायक वाचला की मेला हे तिला पडद्यानं कधी सांगितलं नाही, तिसऱ्या रांगेतल्या बायकांनी सांगितलं.

बाई अंगानं आडवी, गुडघ्यांनी अधू आणि जिभेनं तिखट. टॉर्च हातात नसताना तिला कुणी पाहिलेलं नव्हतं. छापखान्यात कामाला असलेला तिचा नवरासुद्धा, ती घरी आली की, "आल्या का टॉर्चबाई, उजेड पाडा आता," असं म्हणायचा आणि मार खाता खाता वाचायचा.

रविवारी सकाळचा मुलांचा खेळ तिनं भांडून मिळवला होता. त्या खेळाला फक्त हलत्या चित्रांचे सिनेमे लागायचे, म्हणजे बोलणारे ससे, गाणारी कासवं, उडणारी घरं. संध्याकाळच्या खेळाला माणसं तोंड घट्ट मिटून बसतात, हसली तरी बेतानं हसतात. रविवारी सकाळी मात्र सगळी तोंडं उघडी. आठवडाभर उभं राहून पायांचे खांब झाले तरी या एका सकाळसाठी बाई तग धरून होती. नवरा म्हणायचा, "एक रविवार तरी घरी बस." ती म्हणायची, "घरी तुझं एकच तोंड बघायचं. तिथं दोनशे आहेत."

अशात मॅनेजरनं तिला खोलीत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. पण मालकाचा फोन आला की उभा राहून बोलायचा, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

"बाई, रविवारचा खेळ परवडत नाही. शिकवणीवाले सकाळी हॉल मागतायत."

"पोरं तर भरभरून येतात."

"पोरंच येतात! पोरांचं अर्धं तिकीट. आईबाप पोर दारात सोडतात आणि व्हरांड्यातल्या बाकांवर फोन चोळत बसतात. त्यांची तरी काय चूक? ही चित्रं पोरांसाठीच असतात. मोठ्या माणसानं सशाचं बोलणं काय म्हणून ऐकायचं?"

"साहेब, ती चित्रं सशांनी काढलेली नाहीत. मोठ्या माणसांनीच काढलीत."

मॅनेजरनं निकाल सांगून टाकला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो स्वतः येऊन बघणार. खुर्च्यांत मोठी माणसं दिसली तर खेळ राहील. नाहीतर पुढच्या महिन्यापासून तिथं फळा लागेल.

बाई खोलीबाहेर आली तीच पदर खोचून. पुढच्या रविवारी आईबाप पोरांना घेऊन आले, तेव्हा व्हरांड्यात एकही बाक नव्हतं. बाईनं ती सगळी मागच्या गोदामात ओढून नेली होती आणि जागेवर पाटी लावली होती, "रंगकाम चालू." रंगाचा डबा कुठंच नव्हता, पण पाटी खणखणीत होती. शिवाय व्हरांड्यातला पंखा त्या दिवशी कसा कोण जाणे बिघडला. मालकाच्या कानावर गेलं असतं तर बाईची काही खैर नव्हती, पण हट्टाला पेटलेल्या माणसाला खैर कुठली आठवायला?

"मग आम्ही बसायचं कुठं?" एका आईनं विचारलं.

"आत छान खुर्च्या आहेत," बाई म्हणाली. "गादीच्या."

नाकं मुरडत का होईना, आया आल्या, आज्या आल्या, एक मामा आला, जवळच्या शाळेतले कवायतीचे मास्तर आपल्या भाचीला घेऊन आले. पहिली काही मिनिटं मोठ्यांच्या तोंडांवर फोनचा निळा उजेड होता. मग एकेक फोन विझत गेला.

सिनेमा काजव्यांचा होता, महिनाभर दर रविवारी तोच लागणार होता. एक बाप काजवा आणि त्याचं पिल्लू. मुलं हसत होती ती पिल्लू चिखलात पडलं की, धडकलं की, पुन्हा पडलं की. मोठी माणसं त्याला हसत नव्हती. पण शेजारचं काजव्यांचं जोडपं घरातल्या पसाऱ्यावरून भांडायला लागलं की आयांच्या रांगा खदखदायच्या, आणि मुलं वळून त्यांच्याकडे बघायची. "आई, काय झालं? का हसलीस?" आईला सांगता यायचं नाही. एकाच हॉलमध्ये जणू दोन सिनेमे चालले होते. मॅनेजर म्हणतो तसं हे फक्त पोरांचं नव्हतं, ही बाईची खात्री होती. पण सगळ्यांना सारखंच आवडतं असंही तिनं कधी म्हटलं नसतं. रोज तोंडं बघणाऱ्या बाईला तेवढं दिसतंच.

आणि मग शेवटाकडे ती जागा आली. बापाचा उजेड कमी कमी होत चाललेला. तो पिल्लाला म्हणतो, "मी लपतो, तू शोध." पिल्लू डोळे मिटून अंक मोजतं आणि शोधायला निघतं. या पानामागे बघतं, त्या दगडाखाली बघतं. मुलं खुर्चीवर उभी राहून ओरडत होती, "तिकडे! झाडामागे बघ!" त्यांना लपाछपी म्हणजे लपाछपी. त्यांच्या शेजारी मोठी माणसं मात्र दगडासारखी बसली होती. कवायतीच्या मास्तरांनी रुमाल तोंडात धरला होता. पडद्यावर काय चाललंय ते बाईनं न बघताच ओळखलं.

एवढं सगळं जमलं, पण बाप काही आत आले नाहीत. बाकं नाहीत म्हटल्यावर ते सरळ रस्ता ओलांडून समोरच्या बंद दुकानाच्या छपराखाली जाऊन उभे राहिले. त्या घोळक्याच्या मधोमध एक उंच माणूस होता. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा. तो सगळ्यात आधी जाऊन तिथं उभा राहिला आणि त्याला बघून बाकीचे त्याच्याभोवती जमले. बाईनं त्याचं नाव ठेवलं खांब. खांब हलला तर छप्पर रिकामं होईल, हा तिचा हिशेब. खांबाची मुलगी, दोन वेण्यांची नऊ वर्षांची पोर, दर रविवारी एकटी आत यायची आणि कडेच्या खुर्चीत बसायची. मैत्रिणी मागच्या रांगेत. शेजारची खुर्ची ती कुणाला देत नव्हती. कुणी विचारलं तर म्हणायची, "येणार आहेत." येत कुणीच नव्हतं. ते बघून बाईच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

त्याच्या पुढच्या रविवारी, खेळ सुरू व्हायच्या आधी, बाई रस्ता ओलांडून छपराखाली गेली आणि सगळ्यांदेखत तिनं तोंडाचा पट्टा सोडला.

"काय हो, पोरीशेजारी दोन तास बसायला जीव जातो का तुमचा? ती खुर्ची धरून बसते तिथं. लिफ्टमध्ये अडकलेल्या परक्या माणसांसाठी धावत जाता, आणि स्वतःच्या पोरीसाठी रस्ता ओलांडवत नाही?"

बाकीचे बाप खाली बघायला लागले. खांबाचे कान लाल झाले. तो एवढंच म्हणाला, "तुम्ही म्हणता ते खरं असेल बाई." आणि तिथंच उभा राहिला. बाई परत आली ती पालथ्या घड्यावर पाणी ओतल्याच्या रागात.

मध्यंतरात ती पाण्याच्या नळापाशी उभी होती. वेणीवाली जवळ आली आणि तिच्या साडीला हात लावून म्हणाली, "तुम्ही माझ्या बाबांना ओरडलात?"

"ओरडले. ओरडायलाच हवं."

"त्यांना नका ओरडू. मीच सांगितलंय त्यांना बाहेर थांबायला."

"तू? का गं?"

मुलीनं आजूबाजूला कोण आहे ते पाहिलं. "ते रडतात. हळू नाही, मोठ्यानं. मागच्या वर्षी गाढवाचा सिनेमा होता, त्यात गाढव विकतात, तेव्हा ते इतके रडले की सगळा हॉल बघायला लागला. माझ्या मैत्रिणी शाळेत रडून दाखवायच्या, त्यांच्यासारखं. म्हणून मी म्हटलं, बाबा, तुम्ही आत नका येऊ."

"आणि ते बरं म्हणाले?"

"बरं म्हणाले."

"मग खुर्ची कुणासाठी धरतेस?"

मुलगी वेणीचं टोक चावत राहिली.

टॉर्चबाईला कुणी थोबाडीत दिल्यासारखं झालं. दोनशे तोंडं वाचायचा दिमाख मिरवणारी बाई, आणि रस्त्यापलीकडचं एक तोंड तिनं साफ उलटं वाचलं होतं. ज्याला ती दगड समजली, तो आतल्या सगळ्यांपेक्षा मऊ निघाला. सिनेमा आवडत नाही म्हणून नव्हे, झेपेनासा आवडतो म्हणून तो उन्हात उभा होता. तिला त्याची दया आली आणि स्वतःचा राग आला. पण बसून पश्चात्ताप करणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती मुलीला म्हणाली, "आज लपाछपी सुरू झाली की माझ्यापाशी ये. पडद्याकडे पाठ करून उभी राहा."

"का?"

"ये तर खरी."

मुलगी आली. बाजूच्या दाराशी दोघी उभ्या राहिल्या, एक आडवी आणि एक काडीएवढी, दोघींचीही पाठ पडद्याकडे. बाईनं टॉर्च लावला नाही. पडद्याचाच उजेड पुरेसा होता. मुलं उड्या मारत ओरडत होती आणि त्यांच्या मधे मधे मोठी माणसं बसली होती. एक आजी चष्मा काढून पुसत होती. मामा छताकडे बघत होता, डोळ्यांतलं खाली येऊ नये म्हणून माणसं बघतात तसा. आणि कवायतीचे मास्तर, ज्यांच्या शिट्टीला अख्खी शाळा थरथरायची, ते हुंदका दाबायला पोटाशी हात धरून बसले होते.

"मास्तर?" मुलगी कुजबुजली. "मास्तर का रडतायत? तो तर लपलाय."

मागून पिल्लाचा आवाज येत होता, "बाबा, हरलो मी, आता बाहेर या!" आणि हॉलमधली पोरं हसत होती.

बऱ्याच वेळानं मुलगी हळूच म्हणाली, "तो लपलेला नाहीये ना?"

"नाही," बाई म्हणाली. खोटं बोलण्याइतका वेळ नव्हता आणि मनही नव्हतं.

मुलगी परत खुर्चीत जाऊन बसली. खेळ सुटल्यावर ती बाहेर आली, बापाचं बोट धरलं आणि दोघं निघून गेले. बाईला त्या माणसाची माफी मागायची होती. तिनं हाक मारली, पण तेवढ्यात रस्ता गाड्यांनी भरून गेला.

शेवटचा रविवार उजाडला. बाईनं बाकं आधीच गोदामात टाकली होती. मॅनेजर इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि मध्यंतरात दारात उभं राहून त्यानं सगळा हॉल डोळ्यांखालून घातला.

"आया आहेत, आज्या आहेत," तो म्हणाला. "पण बाप बघा जरा. समोर उभे आहेत सगळे. अर्धी घरं रस्त्यावर उभी असताना मी मालकांना काय सांगू?"

"अजून अर्धा सिनेमा बाकी आहे, साहेब."

"अर्ध्या सिनेमात काय होणार बाई? खेळ सुटल्यावर बोलू." आणि तो आपल्या खोलीकडे वळला. त्याचा आवाज निर्णय झालेल्या माणसाचा होता. बाईनं त्याच्या पाठीकडे बघून दात खाल्ले आणि दार लावून घेतलं. हातात होतं ते सगळं करून झालं होतं. आता बापांना बखोटीला धरून आणायचं तेवढं राहिलं होतं, आणि गुडघे साथ देते तर तिनं तेही केलं असतं.

सिनेमा पुन्हा सुरू झाला. बराच पुढे गेला. आणि अंधारात वेणीवाली खुर्चीतून उठून बाईसमोर येऊन उभी राहिली.

"मला बाहेर सोडा."

"खेळ चालू असताना लहान मुलाला बाहेर सोडत नाही मी."

"बाबांना आणायचंय. थोड्या वेळात लपाछपी येईल."

खेळ चालू असताना टॉर्चबाईनं आपली जागा कधी सोडली नव्हती, ताप असतानासुद्धा नाही. तिनं मुलीचा हात धरला, दार ढकललं आणि दोघी व्हरांडा ओलांडून भर उन्हात रस्त्यावर आल्या. गाड्यांना हात दाखवून थांबवावं तसं टॉर्च दाखवून तिनं रस्ता थांबवला.

छपराखाली बापांच्या गप्पा रंगात आल्या होत्या. मुलगी सरळ त्या घोळक्यात घुसली आणि उंच माणसासमोर उभी राहिली.

"बाबा, चला. ते येतंय."

"काय येतंय?"

"रडायचं."

गप्पा थांबल्या. बापानं मुलीकडे पाहिलं, मग घोळक्याकडे, मग स्वतःच्या बुटांकडे. "अगं, तूच म्हणाली होतीस ना, बाहेर थांबा म्हणून."

"मी तेव्हा लहान होते," मुलगी म्हणाली.

त्याचा चेहरा तिथंच, छपराखाली, सगळ्यांदेखत हलला. बाईनं पुढं होऊन म्हटलं, "दादा, मागच्या रविवारी मी वाटेल ते बोलले. माझं चुकलं. पण आता पाय उचला, ते पिल्लू काही आपल्यासाठी थांबणार नाही."

तो निघाला. मुलगी त्याला ओढतच होती. खांब हलल्यावर बाकीचे जरा वेळ एकमेकांकडे बघत राहिले.

"एवढं काय आहे हो आत?" एकानं विचारलं.

"माझ्या मुलानं तीनदा पाहिला," दुसरा म्हणाला, "मी विचारलंच नाही त्याला."

"मग काय, इथंच विचारणार का?" बाई म्हणाली. "तिकीट काढा आणि आत या."

तिकीट खिडकी बंद होती. खिडकीवाला चहाला गेला होता, कारण या वेळेला तिकीट घ्यायला आजवर कुणी आलेलंच नव्हतं. बापांनी खिडकीवर थापा मारल्या. आवाज ऐकून मॅनेजर आला, त्यानं बघितलं, आणि दुसरं कुणी नाही म्हणून स्वतःच आत शिरून खिडकी उघडली.

"अर्ध्याहून जास्त सिनेमा संपलाय," रांगेतला पहिला बाप म्हणाला. "अर्धं तिकीट घ्या."

"मोठ्या माणसाला पूर्ण तिकीट," मॅनेजर सवयीनं म्हणाला. म्हणाला आणि त्याचं लक्ष बाईकडे गेलं. मॅनेजरनं मान खाली घातली आणि एकेक तिकीट फाडून देत राहिला. शेवटचं देताना म्हणाला, "बाई, ती बाकं गोदामातच राहू द्या. शिकवणीवाल्यांना मी कळवतो."

"काय कळवता?"

"हॉल मोकळा नाही म्हणून. आता जा, दाराशी कुणी नाहीये."

बाईनं सगळ्या बापांना अंधारात आत घेतलं. त्यांचे पाय अडखळत होते, ते एकमेकांवर आपटत होते. बाई टॉर्चनं एकेकाला त्याच्या त्याच्या पोराशेजारची जागा दाखवत गेली. सगळ्यात कडेची खुर्ची दाखवायची गरज पडली नाही. उंच माणूस तिथं आधीच बसला होता, गुडघे समोरच्या खुर्चीला टेकवून, आणि पिल्लू अंक मोजत होतं.

पिल्लू पानामागे बघायला लागलं तशी मुलं ओरडायला लागली, "तिकडे! तिकडे बघ!" वेणीवाली ओरडली नाही. तिच्या शेजारून आधी एक दबलेला आवाज आला, मग न दबलेला. मग तो माणूस गळा काढून रडू लागला, सगळ्या हॉलला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. चार रांगांमधली डोकी वळली. मागच्या रांगेतल्या मैत्रिणींमधली एक खुर्चीच्या पाठीवरून वाकली आणि फिसकन हसली.

"ए, तुझे बाबा बघ कसे—"

मुलगी मागं वळली.

"माझे बाबा आहेत," ती म्हणाली. "रडतायत. तू पुढे बघ."

आणि बापाचा हात आपल्या मांडीवर ओढून घेऊन ती स्वतः पुढे बघू लागली.